चिलमचीच्या बुडावरचं नाव

परभणी,
भाद्रपद, २०२४

प्रिय बेबी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आजीची चिलमची मला दे. तुझ्याकडं राहिली तर तू तिच्यात मनीप्लांट लावशील, दादाकडं गेली तर तो मोडीत घालील." मी हसले आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. विषय बदलायची ही आपल्या घराची जुनी खोड. तीही त्या चिलमचीसारखी वारशानंच आली आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं.

चिलमची तुलाच देणार आहे. पण तिच्या बुडावर काय लिहिलंय ते आधी तुला कळायला हवं. फोनवर तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा कुकरच्या शिट्टीनं मला सोडवलं. म्हणून हे पत्र.

पत्र छापायलाही देते आहे, आत्याला विचारून. ती म्हणाली, "छाप, पर नावं घालू नको. नावापायीच तर समदं झालं." तेव्हा यात आपल्या कुणाचं नाव नाही आणि गावाचंही नाही. पाथरी तालुक्यातलं एक गाव, एवढंच समज.

सुरुवात दादाच्या कागदांपासून झाली. गेल्या वर्षी सप्टेंबरात सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या घराघरांतले माळे रिकामे व्हायला लागले. निजामाच्या काळातल्या कागदांत कुणबी अशी नोंद शोधायची. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही. कागद बहुतेक मोडीत, नाहीतर उर्दूत. मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता एवढा मान त्या दिवाळीच्या आसपास मिळाला. लोक त्यांना गाडीवर बसवून न्यायचे आणि चहापाणी करून घरी आणून सोडायचे. आपल्या दादानंही माळ्यावरची लोखंडी संदूक खाली घेतली. नोंद सापडली की नाही हे तू त्यालाच विचार, पण हाताशी दीड तास असेल तेव्हाच.

त्याच सुमारास त्यानं वंशावळ करून घेतली. मला दाखवली. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाबा आणि खाली दादा. विहिरीत सोडलेल्या दोरासारखी सरळ रेघ. त्यात एकही बाई नाही. जात बापाकडून धरतात, त्यामुळं कागदाला बाई लागतच नाही. मी म्हटलं, "दादा, ही सगळी माणसं काय झाडाला लागली होती?" तो म्हणाला, "ताई, तू आता सुरू होऊ नको." त्याचंही चूक नव्हतं. फॉर्ममध्ये जेवढे रकाने तेवढंच तो भरत होता. पुढं जानेवारीत 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या करणारा मसुदा सरकारनं काढला आणि तो शब्द पानटपरीपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. आपल्या आजीचे सगे कोण आणि सोयरे कोण, हे मात्र आपल्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. तू नाही, मी नाही, बाबांनीसुद्धा नाही.

संदुकीच्या मागं पोत्यात गुंडाळलेली चिलमची निघाली. २००६ला आजी गेली तेव्हापासून ती तिथंच होती. तुला आठवते ना? तांब्याची, परातीएवढ्या रुंद ओठाची, पोटात खोलगट, आतून कल्हई, आणि वर बसणारं जाळीचं ताट. हातावर घातलेलं पाणी जाळीतून खाली उतरतं आणि खरकटं पाणी पाहुण्याच्या नजरेला पडत नाही. महालक्ष्म्या जेवायच्या त्या दिवशी आजी ती काढायची. सवाष्णींनी पानावरून उठायचं नाही असा तिचा दंडक होता. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असं साग्रसंगीत झालं की आजी चिलमची तळहातावर तोलून एकेकीपुढं वाकायची, तू तांब्यानं पाणी घालायचीस आणि मी खांद्यावर पंचा घेऊन मागं उभी. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी हे नव्हतं. बायका कौतुकानं म्हणायच्या, "तुमच्यात सवाष्णीला लई मान बाई." आजी नुसती हसायची.

पुढच्या महालक्ष्म्यांना पुन्हा तसंच करावं म्हणून मी ती तेव्हाच कल्हई लावायला नेली. परभणीत आता कल्हईवाले शोधावे लागतात. नानलपेठेच्या पुढं एका बोळात एक म्हातारबाबा अजून बसतात. भाता मात्र गेला, त्या जागी टेबलफॅनची मोटर लावलीय. त्यांनी चिलमची आधी वाळूनं घासली, मग निखाऱ्यावर धरून फिरवत राहिले. तांबं तापून रंग बदलायला लागलं तशी नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला आणि तो वास नाकात गेल्याबरोबर मी सात वर्षांची झाले. कथलाची कांडी टेकवली की पाऱ्यासारखा थेंब सुटतो, आणि तो पसरायच्या आत कापसाच्या बोळ्यानं आतून झरझर फिरवायचा. काळं भांडं बघता बघता चांदीचं होतं. मग पाण्यात चर्रर्र. म्हातारबाबांनी ती बाहेर काढून उपडी केली, बुडावरून फडकं फिरवलं आणि थांबले.

"आपा, ये किसकी है?"

"हमारी दादी की."

"दादी का नाम?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "इसपे दूसरा नाम डाल को है."

बुडावर ठिपके होते. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात तसे, छिन्नीनं एकेक टोचलेले. लहानपणी ती नक्षी आहे असं मला वाटायचं. ते उर्दू होतं. बाबांनी बोट ठेवून उजवीकडून डावीकडं वाचलं. एका बाईचं नाव, शेवटी 'बी'. नाव तुला समोर बसवून सांगीन. त्याखाली आकडा होता, १३३९, आणि आकड्याला लागून एक अक्षर. मधले ठिपके जास्त झिजलेले होते. बाबा म्हणाले, "हाथ का घिसा है. पकड़ते वक्त हथेली यहीं आती."

आकड्यावरून घरी मोठी गंमत झाली. दादाच्या पोरानं तो शके धरून ७८ मिळवले आणि ओरडला, "१४१७! सहाशे वर्षांची अँटिक!" लगेच मोबाइलवर भाव बघायला लागला. दादा म्हणाला, मुसलमानी भांडं म्हणजे सन हिजरी असणार, म्हणजे १९२०-२१. दोघंही चुकले. आकड्याला लागून जे अक्षर होतं ते 'फे', म्हणजे फसली. निजामाच्या सरकारी दप्तरात फसली सन चालायचा, सारा त्याच्यावर आणि रजिस्टरंही त्याच्यावर. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९२९-३०. दादाला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्याच्या त्या कागदांच्या फायलीत सगळे आकडे फसलीच होते. फक्त या भांड्याशी त्यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कुणाशी धड बोलले नाही.

बेबी, दागिन्यावर कुणी नाव घालत नाही, भांड्यावर घालतात. कारण भांडी लग्नाकार्याला शेजारी जातात आणि जिथली तिथं परत यायला हवीत. भांड्यावरचं नाव म्हणजे परतीचा पत्ता असतो. मग दुसऱ्या कुणाच्या पत्त्याचं भांडं आपल्या घरात सत्तर-पंच्याहत्तर वर्षं कसं राहिलं? विकत घेतलं असेल, गहाण राहिलं असेल, कुणी विश्वासानं ठेव ठेवली असेल. आणि चौथी शक्यता मला रात्री झोपू देत नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ला निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली. शाळेत आपण ते प्रभातफेरीत घोकलं. ते खरंच आहे. त्याच्या आधी रझाकारांनी काय केलं तेही खरं आहे. जाळलेली गावं आणि हद्दीपलीकडच्या छावण्यांत गेलेली माणसं आपण आजोबांच्या तोंडून ऐकली आहेत. पण शाळेनं १८ सप्टेंबरपासूनचं सांगितलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना संस्थानात फिरून यायला सांगितलं. ते नोव्हेंबर-डिसेंबरात फिरले. किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि ती बहुतेक मुसलमान होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले. लुटीबद्दल, पळवलेल्या बायकांबद्दल आणि जबरीच्या धर्मांतराबद्दल त्यांनी लिहिलं. ज्या हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजारी वाचवले त्यांच्याबद्दलही लिहिलं. तो अहवाल लोकांना वाचायला मिळेपर्यंत २०१३ साल उजाडलं. तोवर ज्यांनी हे पाहिलं होतं ती बहुतेक माणसं गेली होती.

म्हणजे मला भीती होती की चिलमची लुटीची आहे. आपल्या घरात लूट आली, आणि तिच्यात आपण सवाष्णींचे हात धुतले.

शेवटी मानवतला आत्याकडं गेले. मी ठिपक्यांचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला नाही, फोन हातातसुद्धा घेतला नाही. "तुला कोन सांगितलं?" म्हणाली. कल्हईवाल्यानं वाचलं, म्हटलं. "मंग ठीक ए. घरातल्या कुनी नाई सांगितलं." जणू एक वचन मोडलं गेलं नाही याची तिला खातरी करून घ्यायची होती.

मग सांगितलं. वाती वळत वळत, माझ्याकडं न बघता.

ते नाव आजीच्या आईचं. ती चिलमची तिच्या लग्नातली. बाप चावडीवर शिपाई होता, तो 'ॲक्शनमधी', म्हणजे त्या पोलीस ॲक्शनमध्ये, गेला. कसा गेला ते आजीनं कधी सांगितलं नाही. आई उरलेल्या लोकांबरोबर औरंगाबादेच्या दिशेनं निघाली. तेरा वर्षांच्या पोरीला बरोबर नेण्यात धोका जास्त, म्हणून ओळखीच्या एका घरात ठेवली. जाताना फडक्यात बांधलेली चिलमची तिच्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "ही सांभाळ. मी येते न्यायला." आई आली नाही. त्या घरानं ही आमची भाची म्हणून सांगितलं. पाच वर्षांनी आपल्या आजोबांशी लग्न लावलं. आजोबा बिजवर होते हे आपल्याला माहीत होतं, म्हणून तर लग्नाचा फोटो नाही, असं सांगायचे. आजीला माहेर का नाही, याला 'सगळे पटकीत गेले' हे उत्तर ठरलेलं होतं.

"त्या लोकांनी तिला ठेवून घेतली," आत्या म्हणाली.

बेबी, हे 'ठेवून घेतली' मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. आपल्या बोलीत ठेव ठेवतात, पाहुणा ठेवून घेतात आणि बाईही ठेवतात. तिन्हीला शब्द एकच. भांडं लुटीचं नाही या सुटकेत मी अर्धा दिवस होते. मानवतहून येताना एसटीत एकदम उमगलं, भांडं लुटीचं नसेल, पण पोर? तिला लग्न करायचंय का, हे कुणी विचारलं होतं? तिच्या आईला शोधायला औरंगाबादेला कुणी गेलं होतं? मी परतीच्या गाडीतूनच आत्याला फोन लावला आणि विचारलं, "तिला वाचवलं की ठेवलं?" आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वाचवली म्हन, ठेवली म्हन. ती कधी नाई म्हनली. आता तू कशाला म्हनतीस?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही. दोन्ही खरं असू शकतं, हे मान्य करायला मला वर्ष लागलं. ज्या घरानं तिचा जीव राखला, त्याच घरानं तिचं नाव काढून घेतलं. त्या घराला मी हात जोडते, पण जोडताना डोळे मिटत नाही.

आणि लपवणं किती सोपं होतं बघ. लग्नात नाव बदलायची आपली रीत. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. आपल्या आईचं बदललं, काकूचं बदललं, तसं हिचंही. त्यात कुणाला नवल वाटणार? नवी सून माहेरचं फार बोलत नाही, हाही सद्गुणच. प्रत्येक सून आपल्या घरात थोडी लपवलेलीच असते. आजीला फक्त जरा जास्त लपवली.

मी गुप्तहेरासारखं लहानपण चाळलं. आजी 'नक्को' म्हणायची. पण परभणीत कोण म्हणत नाही? फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला न्यायची. पण अख्खा जिल्हा जातो, आणि आपल्या गल्लीतल्या जोशीकाकू आपल्या पुढं रांगेत असायच्या. चिलमची हा शब्द? तो तर जुन्या मराठीतही होता. तहसील, फिर्याद, कागद, खुर्ची, दादा ज्याच्यामागं धावत होता तो खासरा, सगळे तिकडूनच आलेले. कशावर बोट ठेवणार? परभणीत लपायला भिंत लागत नाही. एवढं एकमेकांत मिसळलेलं आहे की वेगळं काय ते उचलून दाखवता येत नाही. याचा मला आधी अभिमान वाटला. नंतर वाटलं, एवढं मिसळलेलं होतं, तरी १९४८च्या त्या आठवड्यांत लोकांना नेमकं कुणाचं घर कुठलं ते बरोबर ठाऊक होतं.

आत्या म्हणाली ते एक तुला सांगायलाच हवं. पंचमीला बायका माहेरची गाणी म्हणायच्या तेव्हा आजी झोक्याजवळ थांबायची नाही, चुलीकडं जायची. आपल्याला वाटायचं, कामाची फार.

कुळाचा शोध आपल्या तालुक्याला नवा नाही. अहमदनगरची निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मण होता, विजयनगरच्या मोहिमेत पकडला जाऊन बहामनी दरबारात वाढला, आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं फरिश्त्यानं लिहून ठेवलंय. राज्य आल्यावर या घराण्याला पूर्वजांची पाथरी हवीशी वाटली. ती तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहानं १५१८मध्ये ती लढून घेतली. गंमत म्हणजे इमादशाहीचा संस्थापकही विजयनगरच्या बाजूनं पकडून आणलेला हिंदू पोरगाच होता. आणि अलीकडं, २०२०च्या जानेवारीत, साईबाबा पाथरीचे की नाहीत यावरून शिर्डी बंद झाली होती. ज्या फकिरानं आयुष्यभर स्वतःचं कुळ सांगितलं नाही, त्याचं!

राजाला आपलं मूळ आठवलं तर तो गाव जिंकून घेतो. आजीसारखीला आठवलं तर ती काय करते? मला आपली गंगाखेडची जनाबाई आठवते. लहान पोर आई-बापापासून तुटून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी वाढली, आणि पुढं स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेतलं. सगळा महाराष्ट्र तिला तिच्या मालकाच्या घरावरून ओळखतो. आपल्या जिल्ह्याची ही पहिली 'ठेवून घेतलेली' पोर म्हणायची. तिच्याकडं अभंग होते. आपल्या आजीकडं एक भांडं होतं.

फाळणीवरची पुस्तकं या वर्षात वाचली. उर्वशी बुटालिया यांची आजी लाहोरलाच मुलाजवळ राहिली, धर्म बदलून. ते घर शोधत नात सीमेपलीकडं गेली आणि त्यातून १९९८चं पुस्तक झालं. आंचल मल्होत्रा यांनी तर निर्वासितांनी बरोबर आणलेल्या वस्तूंवरच पुस्तक केलं, २०१७ साली. त्याची सुरुवात घरातल्या एका धातूच्या घड्यापासून आणि कापड मोजायच्या गजापासून झाली. तिकडं पंजाबात निदान रेघ ओढली होती. अलीकडचा देश, पलीकडचा देश, मधे सीमा. आपल्याकडं सीमा नव्हती. आजीची आई जिथं निघाली होती ते औरंगाबाद आपल्यापासून गाडीनं काही तासांवर. तू आणि मी सिनेमे बघायला, साड्या घ्यायला कितीदा गेलो. हरवायला दुसरा देश लागतोच असं नाही.

दादाच्या मित्रानं सुचवलं, डीएनए तपासून घ्या. मी वाचून पाहिलं तर त्यातही आपली वंशावळच निघाली. आई-मुलीची ओळ ज्यावरून कळते ते मायटोकाँड्रियाचं सूत्र आईकडून पोरांना जातं, पण पुढं फक्त मुलीच ते चालवतात. म्हणजे आजीकडून ते आत्याला आलं, आत्याच्या मुलींना गेलं. बाबांना आलं आणि बाबांपाशी थांबलं. आपल्या रक्तात तिचा चौथा हिस्सा कुठं कुठं विखुरलेला असेल, पण ती सरळ ओळ तुझ्या-माझ्यात नाही. दादाच्या वंशावळीत ती नाही, पेशीतली ती ओळही आपल्यापर्यंत आली नाही. आलं ते फक्त भांडं.

दादाला सगळं सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "कागदाला काही अडचण नाही ना?" मी म्हटलं, नाही, आजी कागदात नाहीच. त्याचा चेहरा सुटला आणि पुढच्याच क्षणी पडला. आपण काय विचारलं हे त्याचं त्यालाच कळलं. रात्री जेवल्यावर तो चिलमची मांडीवर घेऊन बसला होता. ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होता. पोरगा म्हणाला, "बाबा, हे नाव घासून त्याच्यावर आपलं घालू या का?" तर त्याला असा ओरडला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आजीनंही ते घासलं नव्हतं, बेबी. कुठल्याही कासाराकडं पाच मिनिटांचं काम होतं. अंगावरचं नाव तिनं बदलू दिलं, देव बदलू दिला, भाषेचा हेल बदलू दिला. भांड्यावरचं नाव मात्र राखलं. मी येते न्यायला, असं आई म्हणून गेली होती ना. परतीचा पत्ता कसा पुसणार?

आजीनं आईला लपवली असं मी वर्षभर समजत होते. ते तसं नव्हतं. लपवायची असती तर पोतं होतं, माळा होता. तिनं ती चिलमची वर्षातल्या सगळ्यात भरल्या दिवशी, सगळ्या गावच्या बायकांसमोर, महालक्ष्म्यांच्या साक्षीनं बाहेर काढली. ज्या कामासाठी तिच्या आईला ती लग्नात मिळाली होती तेच काम तिच्याकडून करवून घेतलं. जेवलेल्या माणसाच्या हातावर मानानं पाणी घालायचं. त्यासाठी एक दंडक निर्माण केला आणि तो आपल्या घराचा कुळाचार म्हणून चालवला. आपण तिला कधी विचारलं नाही, तुमच्यात असं का? 'तुमच्यात' म्हणजे कुणाच्यात, हे तिला ठाऊक होतं.

आणि आता ते झिजलेले ठिपके आठव. चिलमची तळहातावर तोलून ती एकेकीपुढं वाकायची, तेव्हा बुडावरच्या त्या नावावर तिचा तळहात असायचा. दरवर्षी, पन्नासेक वर्षं. कल्हईवाल्या बाबांना जे दोन मिनिटांत दिसलं ते आपल्याला पंचा धरून शेजारी उभं राहून दिसलं नाही.

तर चिलमची तुझी. अट एकच. न्यायला तू स्वतः यायचं, कुरिअरनं पाठवणार नाही. गौरी बसायला चार दिवस आहेत. आत्यालाही बोलावलंय, ती येते म्हणाली. यंदा पाणी मी घालीन. चिलमची तू धर.

तुझी,
ताई